लेथ कोणी बसवली

अक्षर वाईट आहे आणि वेलांटी कुठे पहिली, कुठे दुसरी, याचा मला भरवसा नाही. त्याबद्दल आधीच माफी मागते. शाळा चौथीपर्यंत झाली. त्यानंतर पेन हातात आलं ते किराण्याची यादी करायला, आणि पुढे कामाची वही लिहायला. हे त्याच वहीच्या मागच्या कोऱ्या पानांवर लिहीत आहे. पानांना तेलाचे डाग आहेत. त्याची माफी मागत नाही.

लिहायचं कारण एवढंच की परवा एका लग्नात पंगतीत बसले असताना नात्यातली एक बाई शेजारणीला माझ्याबद्दल सांगत होती. "हिच्या भासऱ्यानं पैसे देल्ले, नवऱ्यानं लेथ बसवली, आन् ही आयती चालवून राह्यली." मी बाजूलाच होते. ऐकू येईल अशाच बेतानं ती बोलली. मला चारचौघांत बोलता येत नाही. मी मुकाट्यानं भात कालवला, जेवले आणि घरी आले. पण ती म्हणाली तसं झालेलं नाही. झालं तसं लिहून ठेवते. कोणी वाचो, न वाचो.

माझे मालक, म्हणजे नवरा, राजुऱ्याला एका वर्कशॉपमध्ये टर्नर होते. खाणीतल्या गाड्यांच्या पिना, बुश, शाफ्ट लेथवर, म्हणजे लोखंड फिरवून कातायच्या मशीनवर, बनवायचं त्यांचं काम. आम्ही राहायचो राजुऱ्याच्या बाहेर, दोन खोल्या आणि पुढे पडवी अशा घरात. पडवीला पत्र्याचं दार. ते मालकांनीच वेल्डिंग करून बनवलेलं. या दाराचं पुढे काम आहे.

एक दिवस लेथच्या पट्ट्यात त्यांचा उजवा हात गेला. तीन बोटं मुळापासून तुटली. वर्कशॉपवाल्यानं दवाखान्याचं बिल दिलं, महिन्याचा पगार दिला आणि म्हणाला, बरे व्हा, मग पाहू. ते बरे झाले. त्यानं काही पाहिलं नाही. मालक खाटेवर भिंतीकडे तोंड करून निजून राहू लागले. मी सोयाबीन निंदायला जायची, कापूस वेचायला जायची. संध्याकाळी येऊन पाहावं तर ते त्याच कुशीवर.

चार-पाच महिने असे गेल्यावर एकदा जेवताना म्हणाले, "डोकं तर शाबूत हाय माझं. कोनी माह्या सांगण्यावर हात चालवला असता, तं लेथ चालली असती."

"कोनी म्हंजे?"

"कोनी पन. ज्याले दोन हात हायेत तो."

मी म्हटलं, "मले हायेत."

ते जेवायचे थांबले. चुलीवरच्या तव्यानं तोंड उघडलं असतं तर त्याच्याकडे जसं पाहिलं असतं, तसं माझ्याकडे पाहिलं. मग हसायला आलं त्यांना, पण हसले नाहीत. "साडीचा पदर जाईन चकमंधी," एवढंच बोलले. चक म्हणजे लोखंड पकडून गरगर फिरतो तो लेथचा भाग.

"पदर खोचता येते."

लेथ चंद्रपूरला होती. जुन्या परकोटाच्या आत, गल्लीत एका चाचांचं दुकान होतं. मशिनी दुरुस्त करायचे, जुन्या विकायचे. मालक त्यांना पहिल्यापासून ओळखत. आम्ही एसटीनं गेलो. दुकानाच्या मागे उघड्यावर ती लेथ उभी होती. तिच्या एका पायाला बकरी बांधलेली, चकवर कोणाचा तरी सदरा वाळत घातलेला. अंगावर गंज असा, की बोट फिरवलं तर विटेची भुकटी लागावी.

चाचांनी मालकांचा हात पाहिला आणि विचारलं, "चलायेगा कौन?"

मालकांनी मान माझ्याकडे केली. मी पदर तोंडापर्यंत ओढून बकरीकडे पाहत होते. चाचांनी चकवरचा सदरा काढून खांद्यावर टाकला. मग म्हणाले, "बाई, ये रोटी का बेलन नहीं है." पण भाव त्यांनी भंगाराचाच लावला. वर दातांच्या चकऱ्यांचा एक जुना संच गोणपाटात बांधून फुकट दिला.

तो भंगाराचा भावही आमच्याजवळ नव्हता. होता तो भासऱ्यांजवळ. भासरे म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ. आमच्याकडे भासऱ्यासमोर बाईनं डोक्यावरून पदर घ्यायचा, बसायचं नाही, आणि त्यांच्याशी बोलायचं नाही. ते आले की आपण दाराआड. त्यांना काही सांगायचं असेल तर मध्ये तिसरं माणूस लागतं. लग्न होऊन बारा वर्षं झाली होती आणि मी त्यांच्याशी एक शब्द बोलले नव्हते. ते मनानं वाईट नव्हते. पोरीच्या लग्नासाठी कापसाचे पैसे बाजूला ठेवलेले, त्यातलेच ते देणार होते. पडवीत बसून ते मालकांना म्हणाले, "तिले म्हना, लेथ का शिलाई मशीन वाटली काय."

मी दाराआडून मालकांना म्हटलं, "सांगा त्याईले, शिलाई मशीनवर मले कोनी बसवलं नाई, तेबी मी शिकली."

मालक मध्ये बसून एकदा इकडे, एकदा तिकडे पाहत होते. दोघांनाही दोघांचं ऐकू येत होतं. तरी ते बिचारे दोन्ही वाक्यं पुन्हा म्हणून दाखवत होते. शेवटी भासऱ्यांनी पैसे दिले. म्हणाले, पोरीचं लग्न पुढच्या साली दिवाळीनंतर आहे, तोपर्यंत अर्धे तरी परत पाहिजेत. नाही तर मशीन विकायची.

उन्हाळ्यात लेथ टेम्पोनं आली. पाइपांवरून ढकलत, शेजारच्या चार माणसांनी ती पडवीत घेतली. मालकांनी सांगितलं तसा मी प्रत्येक पायाखाली हातभर खोल खड्डा खणला, गिट्टी-सिमेंट भरलं, बोल्ट उभे केले. जमीन काळी, भेगाळलेली, दगडासारखी घट्ट. आम्हाला वाटलं, याहून पक्कं काय पाहिजे.

मग गंज. मालक त्या दिवशी कामाच्या मागे राजुऱ्याला गेले होते. मला वाटलं, ते येईपर्यंत चकाचक करून ठेवावी. तांब्याची भांडी जशी घासते तशी मी लेथ घासली. चिंच भिजवली, राख घेतली, नारळाची शेंडी घेतली, आणि लेथची आडवी पाठ, जिला बेड म्हणतात, ती दोन्ही हातांनी उन्हं कलेपर्यंत घासली. गंज खरंच निघाला. खालून पांढरं लोखंड दिसलं. चार बादल्या पाणी ओतून स्वच्छ धुतली, फडक्यानं पुसली. मालक आले, पाहत राहिले. मी मनातून फुगले होते.

सकाळी उठून पाहिलं तर पूर्ण बेड केशरी. जणू रात्रीतून कोणी हळद-कुंकू कालवून सारवून गेलं होतं.

मालक खाटेवर बसून हसायला लागले. अपघातानंतर पहिल्यांदा हसले. "आंघोळ घातली तिले," म्हणाले. "लेथले आंघोळ घातली." हसता हसता डोळे पुसले. मला राग आला आणि बरंही वाटलं. नंतर त्यांनी शिकवलं की लोखंडाला पाणी दाखवायचं नाही. घासायचं ते घासलेटनं, आणि घासून झालं की लगेच तेल. मशीनचं तेल महाग, म्हणून मी माहेरून मोहाच्या टोरीचं तेल आणलं. आमच्याकडे टोरी म्हणजे मोहाची बी. थंडीत ते तेल गोठतं, पण गंज येऊ देत नाही. पंधरा दिवस लागले. एकेक चकरी काढून, घासलेटमध्ये बुडवून, जुन्या दातवणाच्या ब्रशनं दात साफ केले. मोटार बंद पडलेल्या पिठाच्या चक्कीवरून आणली.

मी शिकले तशी शिकले. मालक उजवा हात काखेत दाबून बाजूला उभे राहत आणि डाव्या हातानं दाखवत. "अर्धा घर पुढं. पुरे. पुरे म्हनतो ना." घर म्हणजे फिरवायच्या चाकावरची मापाची एक रेघ. मी पदर कमरेला खोचून वर सुतळीनं बांधायची. बांगड्या काढून ठेवायची, त्यावरूनही गावात बोलणं झालं. नवरा असताना हात भुंडे ठेवते म्हणून. मालक म्हणाले, "माही बोटं गेली, तिची राहू द्या." 

पहिल्यांदा टूल, म्हणजे कातायचं पातं, लागून लोखंडाची साल निघाली, निळी, कुरळी, वाफाळती, तेव्हा मी मशीन बंद करून ती उचलायला गेले आणि बोट भाजून घेतलं. त्या उन्हाळ्यात आमच्याकडे बैलगाड्यांच्या पिना आल्या, पंपाचे बुश आले. सगळं सरळ निघायचं. मृगाच्या आधी एका ठेकेदारानं मोठं काम दिलं. त्याच्या गाड्यांच्या पिना, लांब, जाड, दोन डझन. त्यातून भासऱ्यांचे पैसे निघायला सुरुवात झाली असती.

पाऊस लागला. पिना झाल्या, मी पोत्यात भरून दिल्या. तिसऱ्या दिवशी ठेकेदाराचा माणूस पोतं पडवीत आपटून गेला. "ह्या पिना नाई, गाजरं हायेत." मालकांनी मोजलं. खरंच, एका टोकाला जाड, दुसऱ्या टोकाला बारीक. फरक केसाचा, पण पिनेला तेवढाही चालत नाही. मी पुन्हा कातून पाहिलं. पुन्हा गाजर. टूल बदललं, हळू कातलं. पुन्हा तेच.

मालकांचा एक जुना सोबती, दुसऱ्या वर्कशॉपचा टर्नर, येऊन पाहून गेला. त्यानं बेडवर हात फिरवला आणि म्हणाला, "घसली बिचारी. बुढी झाली. काढून टाक." मालकांनी मान खाली घातली. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "तू चिंचेनं एवढी घासली नसती तं..."

हे मला लागलं. चिंचेनं लोखंड केसभर झिजत असतं तर माझ्या सासूची तांब्याची घागर कधीच संपली असती.  मालक पुन्हा खाटेवर भिंतीकडे तोंड करून निजले.

बातमी भासऱ्यांपर्यंत गेली. ते आले, पडवीत बसले. "तिले म्हना, झालं ते झालं. आता त्या चाच्याले निरोप देतो. सोमवारी तो टेम्पो घेऊन येईन, किलोच्या भावानं घेऊन जाईन. निम्मे तरी येतीन."

मालक आत येऊन मला सांगायला लागले. मी म्हटलं, "ऐकलं." आणि स्वयंपाकाला लागले.

रविवारी दुपारी मी पाणी भरून आले. डोक्यावर पाण्याचा गुंड, एका हातात बादली. पडवीचं दार ढकललं, ते अडलं. खालच्या कोपऱ्यात जमिनीला घासून अडलं. दर पावसाळ्यात ते अडतं आणि दिवाळी झाली की आपोआप सुटतं. मी नेहमीसारखी पायानं लाथ घातली आणि आत आले. गुंड उतरवला. आणि तिथेच उभी राहिले.

लाकडाचं दार पावसात फुगतं, हे सगळ्यांना माहीत आहे. आम्हीही तेच म्हणत आलो, पावसात दार फुगते. पण आमचं दार पत्र्याचं होतं. पत्रा कशानं फुगेल?

दार फुगत नव्हतं. जमीन वर येत होती. काळी माती पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, हे शेतात रोज पाहिलेलं, फक्त घरात आणून पाहिलं नव्हतं. आणि लेथचा एक पाय त्याच दाराच्या कोपऱ्यात, वळचणीच्या ओलीत होता; बाकीचे तीन आत, कोरड्यात.

मी मालकांना उठवलं. ते म्हणाले, "मंग? जमीन वर आली तं लेथबी वर आली असन. त्यानं गाजर काऊन निघन?"

"खाटेचा एक पाय उंच ठेवला तं खाट कशी वाकडी होते?"

"खाट लाकडाची हाय. हे बीडाचं लोखंड हाय. ओतीव."

पण ते उठून बसले होते. बराच वेळ दाराकडे पाहत होते.

सोमवारी सकाळी भासरे आले, आणि मागून चाचा टेम्पो घेऊन. दोन हमाल, दोर, पाइप. पाऊस भुरभुर होता. मी आत दाराआड उभी होते. भासरे म्हणाले, "नटबोल्ट सोडा, उचला."

तेव्हा मी बाहेर आले. पदर होता डोक्यावर, पण मी त्यांच्यासमोर उभी राहिले.   मी म्हटलं, "दार अडते. मशीन खराब नाई."

 भासरे मालकांकडे पाहून म्हणाले, "काय म्हनते ते?"

मालक सवयीनं सांगायला गेले. मी त्यांना हातानं थांबवलं. "मी तुमच्याशीच बोलून राह्यली. जमीन फुगली, त्यानं लेथ पिळली. चाच्याईले विचारा."

"लोखंड का धोतर हाय, पिळाले?" भासरे म्हणाले. पण या वेळी ते मालकांकडे पाहून बोलले नाहीत. माझ्या पायांकडे पाहून बोलले.

मी पाना घेतला. आतल्या बाजूच्या एका पायाचा नट पकडला, पूर्ण अंगाचा भार टाकला. नट सुटताना मशीन कण्हल्यासारखी वाजली आणि तो पाय जमिनीवरून उठला. सगळ्यांनी पाहिलं. फार नाही. देवळीतलं एक पोस्टकार्ड आणून मी त्या फटीत सारलं, ते पलीकडपर्यंत गेलं.

चाचा वाकले, चष्मा वर करून फटीला डोळा लावला. मग गुडघ्यावर हात ठेवून उठले. "पीळ होता, भाऊ. बाई सही बोलती. ऐसा टाइट करके रखा था, बेचारी क्या करेगी." हमालांना म्हणाले, "दोर लपेटो." आणि भासऱ्यांकडे वळून, "पर टेम्पो का भाडा?"

"मी देईन," मी म्हटलं. कुठून, ते माहीत नव्हतं.

भासरे उठले. जाताना उंबऱ्यात थांबून मालकांना म्हणाले, "दसऱ्यापर्यंत वाट पाहतो, मंग विकतो. तिले म्हना." पुन्हा तिले म्हना. पण त्यांच्या बैलगाडीतून दुसऱ्या दिवशी रेती आली. कोणी काही सांगितलं नाही, गडी ओतून निघून गेला.

पाऊस चालूच होता, तसंच आम्ही खणलं. लेथ बाजूला सरकवली. मालकांनी डाव्या हातानं फावडं धरायची युक्ती काढली, दांड्याला सायकलची ट्यूब बांधून मनगटात अडकवायची. काळी माती संपेपर्यंत खाली गेलो. कमरेइतकं खोल गेल्यावर पिवळा मुरूम लागला, सबलीनं, म्हणजे पहारीनं, ठणठण वाजला. त्यावर दगड, त्यावर गिट्टी, आणि चारही पायांना मिळून एकच सिमेंटचा ओटा. ओट्याच्या चारी बाजूंनी बोटभर फट ठेवून तिच्यात रेती भरली. जमिनीनं वर यायचं तर यावं, खाली जायचं तर जावं, ओट्याला हात लावू नये. फट ठेवायचं माझ्या मनात आलं. मालक म्हणाले, "वर्कशॉपमंधी असं कोनी करत नाई." मी म्हटलं, "वर्कशॉपची जमीन मी पाह्यली नाई, ही पाह्यली हाय."

ओटा सुकल्यावर लेथ चढवली. परातीत पाणी घेऊन बेडवर ठेवलं. धानाच्या बांधीत, म्हणजे खाचरात, रोवणी करताना पाणी कुठल्या कोपऱ्यात जमतं यावरून बाया चिखल सारखा करतात, माझ्या माहेरी मीही केला आहे. परातीतलं पाणी ज्या बाजूच्या काठाला चढे त्या बाजूचा पाय खाली. तेवढं माझं. त्यापुढचं बारीक काम मालकांचं. एक सळई चकमध्ये धरून दोन टोकांना थोडं थोडं कातायचं, मोजायचं, आणि फरक असेल तर तेलाच्या डब्याचा पत्रा कापून पायाखाली पट्टी द्यायची. पुन्हा कातायचं, पुन्हा मोजायचं. तीन दिवस. कधी एक पट्टी जास्त, कधी कमी. तिसऱ्या दिवशी मालकांनी एक टोक मोजलं, दुसरं मोजलं, पुन्हा पहिलं मोजलं. माप माझ्या हातात दिलं. "तू पाह्य."

दोन्ही टोकं सारखी होती.

ठेकेदाराच्या पिना नव्या लोखंडातून आम्ही आमच्या खर्चानं पुन्हा करून दिल्या. त्यात काहीच सुटलं नाही. पण त्यानं पुढचं काम दिलं. बाहेर पाऊस धो धो पडत होता, पत्र्याचं दार अडत होतं, आणि आत पिना सरळ निघत होत्या. ते दार मी आजही दुरुस्त करू दिलेलं नाही. दर साल लाथ घालते.

दसऱ्याला मशीन विकायची वेळ आली नाही. बायकांनी विचारलं, मशीनची पूजा कशी करणार. मी बेडवर ओलं कुंकू लावू दिलं नाही, नारळही फोडू दिला नाही. एक झेंडूचं फूल मोटारीवर ठेवलं, आणि टोरीचं तेल बेडला चोळलं. कोणाला ते कमी वाटलं असेल तर वाटो.

पोरीच्या लग्नाआधी भासऱ्यांचे अर्धे पैसे गेले. बाकीच्याला अजून दोन वर्षं लागली. दर वेळी मालक नेऊन द्यायचे. शेवटचा हप्ता मी त्यांना नेऊ दिला नाही. निरोप पाठवला की घेऊन जा. भासरे आले, पडवीत बसले. मी लेथ बंद केली, हात घासलेटनं पुसले, परात आणली, तीच, आणि तिच्यात नोटा ठेवून त्यांच्यासमोर ठेवली. हातात हात जाऊ नये एवढं मी पाळलं. बाकी काही पाळलं नाही. उभी राहिले, तोंड न झाकता.

त्यांनी नोटा मोजल्या. शांतपणे, अंगठा ओला करून. मग मालकांकडे पाहून म्हणाले, "तिले म्हना, सगळे आले."

मी म्हटलं, "मी इथीच आहो. मले सांगा."

ते थोडा वेळ लेथकडे पाहत राहिले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "सगळे आले, बाई. आता तुह्याकडं माहं काही नाई."

मी परात उचलून आत नेली.